टपाल हशिलाऐवजी स्वाक्षरी : अमेरिकन क्रांतिपुरुषांची पत्रे आणि लखोटे

अठराव्या शतकातील पत्राला ना तिकीट असे, ना वेगळे पाकीट. मजकूर लिहून झाला की त्याच कागदाच्या घड्या घालायच्या, कडा आत दुमडायच्या, लाखेचा ठिपका देऊन त्यावर मोहोर उठवायची आणि बाहेरच्या कोऱ्या भागावर पत्ता लिहायचा, अशी रीत होती. कागदाचाच लखोटा होई. यामागे शिष्टाचारापेक्षा काटकसर अधिक होती. टपाल हशील अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर आकारले जात असल्याने वेगळे पाकीट वापरणे म्हणजे एका कागदाचे जादा हशील भरणे होय. हे हशील बहुधा पत्र स्वीकारणाऱ्याच्या माथी पडे.

अशा काही लखोट्यांच्या कोपऱ्यात मात्र हशिलाचा आकडा नसून एका माणसाची सही आढळते. ती सही हेच त्या पत्राचे टपाल असे. बेंजामिन फ्रँकलिन यांच्या काही लखोट्यांवर ‘फ्री बी. फ्रँकलिन’ असे सरळ न लिहिता ‘बी. फ्री फ्रँकलिन’ असे लिहिलेले आहे. नावाच्या आद्याक्षरावरील हा श्लेष म्हणजे ‘मुक्त व्हा’ असा वसाहतींना दिलेला संदेश होता, असे परंपरेने सांगितले जाते. १७५३ पासून ब्रिटिश राजवटीच्या वतीने अमेरिकन वसाहतींचे टपाल सांभाळणाऱ्या या गृहस्थांना १७७४ मध्ये त्या पदावरून दूर करण्यात आले. पुढल्याच वर्षी, २६ जुलै १७७५ रोजी, बंडखोर वसाहतींच्या काँग्रेसने त्यांनाच आपले पहिले पोस्टमास्टर जनरल नेमले.

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २०२६ मध्ये अडीचशे वर्षे पूर्ण होत आहेत. त्या काळातील पुढाऱ्यांची सहीची पत्रे आणि लखोटे जमवण्याचा छंद जवळजवळ दोनशे वर्षांचा आहे. या छंदाने इतिहासाची मोठी सेवा केली आणि काही अपराधही केले. दोन्ही बाजू समजून घेण्यासारख्या आहेत.

मोफत टपालाचा अधिकार

सहीवर पत्र पाठवण्याची प्रथा मूळची इंग्लंडची. तेथील पार्लमेंटच्या सभासदांना हा अधिकार होता आणि त्याचा गैरवापरही भरपूर होत असे. १८४० मध्ये एक पेनीचे सरसकट टपाल सुरू झाले तेव्हा तेथे तो रद्द झाला. अमेरिकन काँग्रेसने नोव्हेंबर १७७५ मध्ये आपल्या प्रतिनिधींना अधिवेशनकाळापुरता हा अधिकार दिला. जानेवारी १७७६ मध्ये प्रत्यक्ष सेवेत असलेल्या सैनिकांनाही ती सवलत मिळाली. राज्यघटना अमलात आल्यानंतर १७९२ च्या टपाल कायद्याने हे सारे नियमबद्ध झाले. त्या कायद्यानुसार एका कागदाच्या पत्राला तीस मैलांपर्यंत सहा सेंट, तर साडेचारशे मैलांपलीकडे पंचवीस सेंट पडत. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. राष्ट्राध्यक्ष, उपराष्ट्राध्यक्ष, मंत्री आणि काँग्रेसचे सभासद यांना मात्र आपल्या सहीवर पत्र पाठवता येई. टपाल कचेरीत अशा लखोट्यावर ‘फ्री’ असा शिक्का मारला जाई किंवा तो शब्द हाताने लिहिला जाई.

निवृत्त राष्ट्राध्यक्षांनाही पुढे हा मान मिळू लागला. वॉशिंग्टन यांच्या निधनानंतर सांत्वनाच्या पत्रांचा ओघ इतका वाढला, की एप्रिल १८०० मध्ये काँग्रेसने खास कायदा करून त्यांच्या पत्नी मार्था यांना तहहयात मोफत टपालाची सवलत दिली. त्या १८०२ मध्ये वारल्या. त्यामुळे त्यांच्या सहीचे असे लखोटे फारच थोडे आहेत. अमेरिकेत टपाल तिकिटे आली ती १ जुलै १८४७ रोजी. पाच सेंटच्या तिकिटावर फ्रँकलिन आणि दहा सेंटच्या तिकिटावर वॉशिंग्टन. ज्यांची सहीच पूर्वी तिकिटाचे काम करीत असे, त्यांचीच चित्रे तिकिटांवर आली, हा योग विलक्षण म्हणावा लागेल.

म्हणूनच असा लखोटा दोन छंदांच्या सीमेवर उभा असतो. टपाल इतिहासाच्या अभ्यासकाला त्यावरील शिक्का, गावाचे नाव, तारीख आणि मार्ग यांत रस असतो, तर स्वाक्षरीसंग्राहकाला सहीत. आतील मजकूर शाबूत असेल तर इतिहासकारही त्यात वाटा मागतो.

सही कोणाची, हात कोणाचा?

मराठी वाचकाला येथे आपल्याकडील त्याच काळाची आठवण होणे स्वाभाविक आहे. १७७६ हे अमेरिकेच्या जाहीरनाम्याचे वर्ष, तसेच पुरंदरच्या तहाचेही. परंतु नाना फडणविसांच्या काळातील मराठी पत्रांत अस्सलपणाची खूण शिक्का आणि मोर्तब ही असे. मजकूर कारकुनाच्या हातचा आणि शेवटी ‘लेखनसीमा’ किंवा ‘मोर्तब सुद’. पाश्चात्त्य पत्रात ते काम सही करते. तरी चिटणिसाचा हात तेथेही होताच. युद्धकाळात वॉशिंग्टन यांची असंख्य पत्रे अलेक्झांडर हॅमिल्टन, टेंच टिलमन, रॉबर्ट हॅन्सन हॅरिसन आदी सहायकांनी लिहिली आणि वॉशिंग्टन यांनी फक्त सही केली.

या फरकावर बाजारातील किंमत ठरते. संपूर्ण पत्र स्वहस्ते लिहून सही केलेले असेल तर त्याचा मान सर्वांत मोठा. मजकूर दुसऱ्याचा आणि सही स्वतःची, हा पुढला दर्जा. सनदा, नेमणुका, जहाजांचे परवाने यांसारखी सहीची सरकारी कागदपत्रे त्यानंतर येतात. जेफरसन आणि मॅडिसन यांच्या सह्या असलेले चार भाषांतील छापील जहाज-परवाने या वर्गात प्रसिद्ध आहेत. शेवटचा क्रम कापून घेतलेल्या सुट्या सहीचा.

माणूस बदलतो तशी सहीही बदलते. जेफरसन यांचा उजवा मनगटाचा सांधा १७८६ मध्ये पॅरिस येथे दुखावला. त्यानंतर काही काळ त्यांनी डाव्या हाताने लिहिले. त्या वेळचे अक्षर नेहमीच्या अक्षराशी जुळत नाही म्हणून पत्र खोटे ठरवणे चूक होईल. उतारवयातील जॉन ॲडम्स यांचा हात थरथरू लागला होता. त्यांची बरीच पत्रे इतरांनी लिहून घेतलेली आहेत. ऱ्होड आयलंडचे स्टीफन हॉपकिन्स यांची जाहीरनाम्यावरील सहीच कंपाने वेडीवाकडी झालेली दिसते.

याशिवाय नकलांचा प्रश्न आहे. जेफरसन यांनी आयुष्यात सुमारे एकोणीस हजार पत्रे लिहिली आणि त्यांच्या नकला ठेवण्याची त्यांना विलक्षण हौस होती. प्रारंभी ते जेम्स वॅट यांच्या दाबयंत्राने ओल्या पातळ कागदावर नक्कल उमटवीत. पुढे दोन लेखण्या एकाच वेळी चालवणारे ‘पॉलिग्राफ’ हे यंत्र त्यांनी वापरले. त्यामुळे एकाच पत्राच्या दोन प्रती, दोन्ही शाईने लिहिलेल्या, असू शकतात. धाडलेली कोणती आणि घरी ठेवलेली कोणती, हे घड्या, लाख, पत्ता आणि पत्र मिळालेल्याने मागे मारलेला शेरा यांवरून ठरवावे लागते.

छप्पन्न सह्यांचा ध्यास

या छंदाला खरे वळण लावले ते जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या छप्पन्न जणांनी. ४ जुलै १८२६ रोजी, जाहीरनाम्याच्या बरोबर पन्नासाव्या वर्षदिनी, जेफरसन आणि ॲडम्स दोघेही निवर्तले. चार्ल्स कॅरोल हे अखेरचे स्वाक्षरीकर्ते १८३२ मध्ये गेले. ती पिढी डोळ्यांआड होताच तिच्या हस्ताक्षराची ओढ वाढली.

विल्यम ब्युएल स्प्रेग हे धर्मोपदेशक तरुणपणी, १८१५ च्या सुमारास, व्हर्जिनियात वॉशिंग्टन यांच्या आप्तांकडे शिक्षक म्हणून राहिले होते. वॉशिंग्टन यांचे दप्तर पुतणे बुशरॉड वॉशिंग्टन यांच्या ताब्यात होते. प्रत्येक पत्राची नक्कल जागेवर ठेवण्याच्या अटीवर त्यांनी स्प्रेग यांना हवी ती अस्सल पत्रे नेण्याची मुभा दिली. स्प्रेग यांनी सुमारे पंधराशे पत्रे उचलली. छप्पन्न सह्यांचा संपूर्ण संच प्रथम जमवण्याचा मानही त्यांच्याकडेच जातो. न्यूयॉर्कचे डॉ. टॉमस ॲडिस एमेट, फिलाडेल्फियाचे फर्डिनांड ड्रीअर आणि सायमन ग्रॅट्झ हे त्याच परंपरेतील पुढले संग्राहक. एमेट यांचा संग्रह आज न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत, तर ड्रीअर आणि ग्रॅट्झ यांचे संग्रह पेनसिल्व्हेनियाच्या हिस्टॉरिकल सोसायटीत अभ्यासकांना उपलब्ध आहेत.

या संचात सर्वांत दुर्मीळ सही वॉशिंग्टनची नाही, जेफरसनचीही नाही. ती आहे जॉर्जियाच्या बटन ग्विनेट या व्यापाऱ्याची. जाहीरनाम्यावर सही केल्यानंतर वर्षही पुरे होण्याआधी, मे १७७७ मध्ये, द्वंद्वयुद्धात झालेल्या जखमेने ते मरण पावले. त्याआधी ते फारसे कोणाला ठाऊक नव्हते, त्यामुळे त्यांचे कागद कोणी जपले नाहीत. त्यांच्या सुमारे पन्नासच सह्या ज्ञात आहेत. १९२७ मध्ये त्यांच्या सहीचे एक पत्र ५१ हजार डॉलरना विकले गेले आणि २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात एका सहीने सात लाख डॉलरचा टप्पा ओलांडला. साउथ कॅरोलिनाचे टॉमस लिंच (धाकटे) हे १७७९ मध्ये तिशीतच समुद्रात बेपत्ता झाले. त्यांच्या बऱ्याचशा सह्या त्यांच्या पुस्तकांच्या पानांवरून कापलेल्या आहेत. कर्तृत्वाने मोठा तो बाजारात महाग, असे समीकरण येथे चालत नाही. दुर्मीळपणा आणि मागणी यांच्या गाठीवर किंमत ठरते. मजकुराचेही तसेच आहे. नव्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ वॉशिंग्टन यांनी नोव्हेंबर १७८७ मध्ये पुतणे बुशरॉड यांना लिहिलेले पत्र २००९ मध्ये बत्तीस लाख डॉलरना गेले. तेवढ्याच अस्सल, पण शेतीच्या किरकोळ हिशेबाच्या पत्राला त्याचा अल्प अंशही मिळत नाही.

कात्रीचा अपराध

संग्राहकांनी कागद वाचवले हे खरे, पण त्यांच्या हौसेनेच अनेक कागदांची चाळण झाली हेही तितकेच खरे. एकोणिसाव्या शतकात सह्या वहीत चिकटवण्याची रीत होती. त्यासाठी पत्रांचे तळ कापले गेले, लखोट्यांचा पत्त्याचा भाग तेवढा ठेवून उरलेला मजकूर फेकला गेला. सर्वांत खेदजनक प्रकार घडला तो एका इतिहासकाराच्या हातून. वॉशिंग्टन यांची पत्रे संपादित करणारे जेरेड स्पार्क्स यांच्याकडे, वॉशिंग्टन यांनी १७८९ च्या शपथविधीसाठी स्वहस्ते लिहिलेला आणि नंतर बाजूला ठेवलेला लांबलचक भाषणाचा मसुदा होता. त्याचे राजकीय महत्त्व नाही असे ठरवून स्पार्क्स यांनी त्याचे तुकडे केले आणि वॉशिंग्टन यांच्या हस्ताक्षराचे नमुने म्हणून ते चाहत्यांना वाटले. त्यानंतरच्या अभ्यासकांना ते तुकडे एकेक करून शोधावे लागले. संपूर्ण मसुदा आजही जुळलेला नाही.

दुसरीकडे, खुद्द मार्था वॉशिंग्टन यांनी पतीबरोबरचा जवळजवळ सारा पत्रव्यवहार जाळला. सेनापतिपद स्वीकारल्यावर वॉशिंग्टन यांनी जून १७७५ मध्ये त्यांना लिहिलेली दोन पत्रे एका मेजाच्या खणात राहून गेली, म्हणून वाचली. इतिहासाचे पुरावे कधी आगीतून, कधी कात्रीतून आणि कधी केवळ विस्मरणामुळे तगतात.

बनावटीचा धंदा

मागणी वाढली की खोटा माल येणारच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फिलाडेल्फियात रॉबर्ट स्प्रिंग नावाचा पुस्तकविक्रेता वॉशिंग्टन आणि फ्रँकलिन यांची पत्रे घाऊक बनवीत असे. जुन्या पुस्तकांची कोरी पाने फाडायची, त्यावर लिहायचे आणि कॉफीच्या पाण्याने कागदाला वयाचा रंग चढवायचा, ही त्याची पद्धत. १८७६ मध्ये तो दारिद्र्यात वारला. गंमत अशी, की त्याच्या बनावट पत्रांचेही आता संग्राहक आहेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जोसेफ कोझी याने न्यूयॉर्कच्या बाजारात फ्रँकलिनपासून लिंकनपर्यंत अनेकांचे हस्ताक्षर उतरवले. मार्क हॉफमन याचे प्रकरण याहून भीषण. आपली बनावट कागदपत्रे उघडी पडतील या भीतीने त्याने ऑक्टोबर १९८५ मध्ये सॉल्ट लेक सिटी येथे बॉम्ब ठेवले. त्यात दोघांचा बळी गेला. त्याच्या शाईला सूक्ष्मदर्शकाखाली मगरीच्या कातडीसारख्या भेगा दिसल्या आणि तेथून सत्य बाहेर आले.

जाणकार तपासणी करतो ती केवळ अक्षराच्या वळणाची नव्हे. त्या काळचा कागद चिंध्यांच्या लगद्याचा असतो. उजेडासमोर धरल्यास त्यात बहुधा साच्याच्या समांतर रेघा आणि जलचिन्ह दिसते. लाकडाच्या लगद्याचा कागद एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा. जंबुपार प्रकाशात कागद निळसर पांढरा झगमगला तर तो विसाव्या शतकातील रसायने लावलेला आहे, असे समजावे. शाई माजूफळ आणि हिराकस यांपासून केलेली असे. ती कालांतराने तपकिरी होते आणि कागदात मुरते, प्रसंगी कागद खातेही. आपल्याकडील काजळाची शाई अशी उतरत नाही, म्हणून मोडी कागद आजही काळेभोर दिसतात. लेखणी पिसाची असे. पोलादी निबेची खूण असलेले अक्षर अठराव्या शतकातील पत्रावर संशय निर्माण करते. शाई घडीच्या आधीची की नंतरची, हाही प्रश्न विचारायचा. घडी पडून झिजलेल्या रेषेत शाई पसरलेली दिसली, तर लिखाण घडीनंतरचे असते.

लखोट्यासाठी आणखी एक कसोटी आहे. सही करणारा त्या तारखेला खरोखर मोफत टपालाचा अधिकारी होता काय? टपालाचा शिक्का ज्या गावचा, तेथे तो त्या दिवशी होता काय? हे पडताळणे आता सोपे झाले आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने २०१३ मध्ये ‘फाउंडर्स ऑनलाइन’ हा संग्रह खुला केला. वॉशिंग्टन, फ्रँकलिन, ॲडम्स, जेफरसन, हॅमिल्टन, मॅडिसन यांचा संपादित पत्रव्यवहार तेथे कोणालाही विनाशुल्क वाचता येतो.

मालक कोण?

पत्र अस्सल ठरले म्हणजे प्रश्न संपत नाही. ते विकणाऱ्याचे आहे काय, हा त्याहून अवघड प्रश्न. हॅमिल्टन यांनी जुलै १७८० मध्ये मार्क्विस द लाफाएत यांना लिहिलेले एक पत्र मॅसॅच्युसेट्स राज्याच्या दप्तरखान्यात होते. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे ते तेथील एका कर्मचाऱ्याने चोरले. २०१८ मध्ये एका कुटुंबाने ते व्हर्जिनियातील लिलावगृहाकडे दिले, तेव्हा चोरी उघड झाली. त्या कुटुंबातील पूर्वजाने पत्र रीतसर विकत घेतल्याचे सांगण्यात आले, तरी सरकारी दप्तरातील कागदाची मालकी चोरीने बदलत नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला आणि २०२१ मध्ये अपिलातही तो कायम राहिला. पत्र राज्याकडे परत गेले, कुटुंबाच्या हाती काही उरले नाही. नॉर्थ कॅरोलिनाची हक्कांच्या सनदेची प्रत १८६५ मध्ये एका सैनिकाने नेली होती. ती २००३ मध्ये, तब्बल १३८ वर्षांनी, केंद्रीय तपास यंत्रणेने हस्तगत केली. म्हणून मालकीची परंपरा, म्हणजे कागद कोणाकडून कोणाकडे गेला याचा लेखी माग, हा सहीइतकाच मोलाचा असतो. पत्रावर दप्तरखान्याचा पुसट शिक्का, खोडलेला क्रमांक वा खरवडलेली जागा दिसली, तर व्यवहार तेथेच थांबवणे शहाणपणाचे.

नव्या संग्राहकासाठी

या क्षेत्रात शिरण्यासाठी लाखो डॉलर लागतातच असे नाही. न्यूजर्सीचे जॉन हार्ट यांची सही १७७६ च्या त्या वसाहतीच्या चलनी नोटांवर आहे. फ्रान्सिस हॉपकिन्सन यांच्या सहीच्या व्याजाच्या हुंड्या मिळतात. क्रांतीचे अर्थकारण सांभाळणारे रॉबर्ट मॉरिस यांच्या सहीचे नॉर्थ अमेरिकन लँड कंपनीचे १७९५ चे भागपत्र हा तर एक बोलका दस्तऐवज आहे. जमिनीच्या याच हव्यासात ते बुडाले आणि १७९८ मध्ये कर्जापायी तुरुंगात गेले.

काही पथ्ये मात्र पाळावीत. लिलावगृह वा विक्रेता अस्सलपणाची लेखी, मुदतीशिवायची हमी देतो काय, हे आधी विचारावे. पर्यटनस्थळी मिळणाऱ्या कृत्रिम पिवळ्या कागदावरील छापील प्रतींना भुलू नये. घरात सापडलेली ‘जाहीरनाम्याची मूळ प्रत’ जवळजवळ नेहमी तीच असते. कागदाला चिकटपट्टी, डिंक वा लॅमिनेशन कदापि लावू नये. आम्लविरहित कागदाच्या घडीत, अंधाऱ्या आणि कोरड्या जागी तो ठेवावा. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत बुरशी, कसर आणि वाळवी हे लिलावातील स्पर्धकांपेक्षा मोठे शत्रू आहेत.

हीच पथ्ये आपल्या घरातील कागदांनाही लागू पडतात. जुन्या वाड्यांतील दप्तरे, पुढाऱ्यांची पत्रे, शिक्क्यांचे लखोटे अजूनही माळ्यांवर पडून आहेत. ऐतिहासिक महत्त्वाचे हस्तलिखित वा दस्तऐवज पंचाहत्तर वर्षांचा झाला, की १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार तो खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, हे परदेशी लिलावाची स्वप्ने पाहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून कागद गोळा करीत होते ते सह्यांसाठी नव्हे, मजकुरासाठी. त्या निष्ठेतून १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले.

स्प्रेग यांनी पत्राच्या जागी नक्कल तरी ठेवली. स्पार्क्स यांनी मूळ मसुदाच वाटून टाकला. संग्राहक या दोहोंच्या मध्ये कोठेतरी उभा असतो. कागद आपल्या हाती काही वर्षांपुरता आलेला आहे, तो होता तसा, त्याच्या मजकुरासह आणि मालकीच्या नोंदीसह पुढल्या माणसाकडे जायला हवा, एवढे ज्याला उमगले त्याच्या कपाटात फ्रँकलिनची सही असो वा पणजोबांचे पोस्टकार्ड, तो संग्रह सत्कारणी लागला म्हणायचा.